राखलेलं तण

त्या सहामाहीत मला सगळ्यात जास्त धाक होता तो सह्यांचा. सात विषयांच्या सात प्रात्यक्षिक वह्या, प्रत्येक पानावर सरांची सही, आणि एक जरी राहिली तरी परीक्षेला बसता येणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. बाकीच्या पोरी शेवटच्या आठवड्यात एकमेकींच्या वह्या उतरवून काढायच्या. मी रोजचं रोज लिहायचे, आणि आदल्या दिवशीच्या सह्या पुन्हा एकदा बघून मगच वही ठेवायचे. होस्टेलच्या खोलीतल्या दोघी हसायच्या.

"आजी, नीट बघ. उंदरानं एखादी खाल्ली असंल."

आजी म्हणजे मी. माझं वय चोवीस, त्या सतरा-अठराच्या. सोनपेठकडच्या आमच्या गावातून आई-बाप दरसाल दिवाळीनंतर कर्नाटकच्या बाजूला ऊस तोडायला जायचे. धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी पाहिजे म्हणून एका साली मलाही नेलं. तेव्हा मी सातवीत होते. ट्रॅक्टरात चढले ती चढलेच, शाळेचं तोंड पुन्हा बघितलं नाही. भाऊ मोठा झाला तोवर माझ्याही हातात कोयता आला होता. पुढं गावच्या विहारात संध्याकाळी पोरींचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावी करवून घेतली, आणि परभणीला शेतीच्या पदविकेला नाव लागलं तेव्हा एस्टीत बसवून द्यायला त्याच आल्या. त्यांचं देणं फिटायचं नाही. पण म्हणूनच की काय, वर्गात हजेरी चालू झाली की माझा जीव खालीवर व्हायचा. कुणीतरी येऊन म्हणणार, चूक झाली, तुमचं नाव यादीत नव्हतंच.

गाव तसं एस्टीनं अडीच तासांवर. पण गावातल्या घराला कुलूप. घर म्हणावं तर ते त्या दिवसांत उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत होतं, कर्नाटकात, आणि माय फोनवर सापडली तर सापडली.

सकाळी आठला पहिला तास, दुपारी प्रात्यक्षिकं, मधे जेवणाची घाई. दोघींत एक याप्रमाणे आम्हाला उन्हाळी भुईमुगाचा एकेक वाफा दिलेला. पेरायचा आपण, पाणी आपण द्यायचं, खुरपायचं आपण, आणि सगळं वहीत लिहायचं. माझी जोडीदारीण साडेसातच्या आधी उठत नसे, म्हणून सकाळी सहाला मी एकटीच वाफ्यावर जायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. दिवसभरात तेवढाच एक तास असा होता की मला काही येत नाही असं वाटत नसे.

आमच्या वाफ्यांना लागूनच एका ताईंचा प्रयोग होता. त्या एम. एस्सी. करत होत्या. वयानं माझ्याहून एखाद्या वर्षानं लहानच, पण शिक्षणानं मोठ्या, म्हणून मी ताई म्हणायचे. त्यांनी मला पहिल्या महिन्यातच ओळखलं. तासाला पडद्यावर दाखवलेले इंग्रजी शब्द मी वहीत जसेच्या तसे चितारून आणायचे, आणि त्या बांधावर बसून मला त्यांचा अर्थ सांगायच्या. मला ताप आला तेव्हा डॉक्टरकडंही त्यांनीच नेलं. मी त्यांच्यासाठी काय करणार? त्यांच्याकडं सगळंच होतं. ही गोष्ट मला आतून टोचत राहायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मामेभावाच्या लग्नाला त्या चुडाव्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या वाफ्यांवर जरा नजर असू द्या हं. डुकरं येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नजर टाकली, तर आमच्या बाजूच्या ओळीतले सगळे वाफे स्वच्छ आणि रस्त्याकडचा एक नुसता तणानं भरलेला. घोळ, दुधी, हराळी. भुईमूग कुठं दिसत नव्हता. वाफ्यापुढं लोखंडी पाटी होती, तिच्यावर नुसता एक नंबर. माझ्या मनात आलं, खुरपायला आलेल्या बाया एवढा एक टाळून गेल्या. ताई आल्यावर हे बघणार. मी खुरपं आणलं आणि बसले.

दीड तास लागला. मायनं शिकवल्याप्रमाणे उपटलेलं तण मुळं वर करून बांधावर रचलं, म्हणजे दवानं पुन्हा जीव धरत नाही. उठले तेव्हा पाठ ताठली होती आणि मन इतकं हलकं झालं होतं की पहिल्या तासाला मी पहिल्यांदाच हात वर करून उत्तर दिलं. चुकलं, तरी दिलं.

दुसऱ्याच दिवशी ताई परत आल्या, त्या सकाळी आमचा वर्ग वाफ्यांवरच होता. ताईंचा आवाज आला. मोठा नव्हता. "सर, हा कुणी खुरपला?"

सर, म्हणजे त्यांचे मार्गदर्शक, आम्हालाही तेच शिकवायचे, चालत तिकडं गेले. मागून शेतावरच्या मजुरांचं बघणारे सुपरवायझर. ताई वाफ्याच्या कडेला खाली बसल्या. सरांनीच आम्हाला जवळ बोलावलं आणि जणू तासच चालू आहे अशा आवाजात सांगितलं. प्रत्येक वाफ्याला वेगळा उपाय असतो. कुठं तणनाशक, कुठं खुरपणी, कुठं दोन्ही. आणि एका वाफ्याला काहीच करायचं नसतं. त्यात तण मुद्दाम राखतात. बाकीच्या उपायांचा फायदा किती झाला, ते त्याच्याशी ताडून कळतं. प्रत्येक ओळीत एक, असे राखलेले वाफे या प्रयोगात तीन होते. आता दोन.

माझ्या हाताला अजून घोळीचा हिरवा डाग होता. मी मूठ झाकली.

सुपरवायझर पलीकडं बघत होते. तिथं एक मावशी चालली होती. पन्नाशीची असेल, शेतावर रोजानं यायची, आमच्या वाफ्यांना पाणी सोडायची. तिच्या ओटीत घोळ होती, भाजीसाठी. बांधावरचा ढीग उपसून तिनं कोवळी कोवळी खुडून घेतली होती.

"हे बघा. मुद्देमालासकट. मावशी, हा वाफा तुमी खुरपला ना?"

"म्या कशाला खुरपू? तुमीच त्याला हात लावू नका म्हनून सांगितलं की."

"मग ही घोळ?"

"ढिगातली हाय. पडल्याली घेतली."

"ढीग काय आपोआप झाला? भाजीपायी पोरीचं वर्ष वाया घातलं तुमी. उद्यापासून येऊ नका."

मावशीनं ओटी मोकळी केली. घोळ बांधावर पडली. मग तिनं आमच्या वर्गाकडं बघितलं, एकेकीकडं. माझ्यावर तिची नजर किती वेळ राहिली ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते. "न्हाई केलं म्या," एवढंच म्हणून ती गेली.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. पुढचे दोन दिवस मी तासाला बसले, टिपणं काढली, जेवले, एका विषयाची चाचणी परीक्षाही दिली. डोक्यात एकच चालू होतं. सांगितलं तर मला काढतील. काढलं तर विहारातल्या बाईंना काय सांगू? माझ्यासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले. लगेच दुसरं डोकं वर काढायचं: मुकादमानं मायला असंच एकदा फडावरनं उठवलं होतं, दुसऱ्याच्या चुकीपायी, आणि ज्याची चूक होती तो बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. मी त्या माणसाला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या.

ताई बांधावर बसायच्या बंद झाल्या. वाफ्यावर यायच्या, नोंदी घ्यायच्या, जायच्या. पाणी सोडायला दुसरा माणूस आला होता.

तिसऱ्या दिवशी मी सह्यांसाठी सरांच्या खोलीत वही घेऊन गेले. त्यांनी पान उघडलं, पेनचं टोपण काढलं.

"सर, तो वाफा मी खुरपला."

पेन तसंच राहिलं. "कोणता?"

"ताईंचा. तणाचा. मावशींनी नाही. त्यांनी नुसती ढिगातली घोळ घेतली."

"का खुरपला?"

"वाटलं, बाया टाळून गेल्या."

"एकटीनं?"

"हो सर."

"किती वेळ लागला?"

"दीड तास."

त्यांनी टोपण पेनला परत लावलं. "आठ वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "राखलेला वाफा विद्यार्थ्यानं खुरपल्याचं पहिल्यांदाच बघतोय. पोरांना खुरपायचा सांगितलेला वाफा खुरपवत नाही." मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "एका वाफ्याचा आकडा गेला तर तो गणितानं अंदाजानं भरता येतो. प्रयोग कमजोर होतो, पण मरत नाही. ते मी तुमच्या ताईंना सांगितलंय. पण त्या मावशींच्या बुडालेल्या दोन दिवसांचं कोणतं गणित आहे तुमच्याकडं?"

वही सही न करता परत दिली. "आधी त्या दोघींना सांगा. मग या."

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला विचारलं का नाहीत? फोन होता ना माझा." मी सांगितलं की तुमच्यासाठी म्हणून केलं, आणि ते बोलतानाच कळलं की ते त्यांच्यावर आणखी ओझं टाकण्यासारखं आहे. त्या नोंदवही उचलून पुढच्या वाफ्याकडं गेल्या.

त्या संध्याकाळी मायचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं ती घाबरेल, विचारेल, तुला ठेवलं का काढलं.

"त्या बाईला घेतलं का परत?" मायनं विचारलं.

"सरांनी सांगितलंय. घेतेत म्हणं. दुसऱ्या शेतावर."

"तू गेलतीस का तिच्याकडं?"

"न्हाई अजून."

"मग माझ्यासंगं काय बोलायलीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारचं प्रात्यक्षिक बुडवून मी गेले. हजेरीचा तो एक दिवस गेला. दुसरं शेत रेल्वेरुळाच्या पलीकडं होतं. मावशी कांद्यात खुरपत होती. मी वाकून तिच्या ओळीत बसले आणि सांगितलं.

"मला ठावं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "मुळं वर करून रचल्याला ढीग. ह्या कालिजातल्या पोरी तसा रचत्यात का? कामाच्या हाताचा हाय, ते लांबून दिसत होतं."

"मग तुमी बोलल्या का नाहीत?"

"म्या कशाला बोलू? मी वाट बघायले होते तू कवा बोलतीस त्याची. त्या दिशी न्हाई बोललीस. दोन दिस घरी बसले मी."

पुढच्या सरीतली हराळी दिसत होती, हात आपसूक तिकडं गेला.

"हात लावू नगंस," मावशी म्हणाली. "आधी इचार."

मी हात मागं घेतला. "काढू का?"

तिनं खुरप्याचं टोक मातीत दोनदा आपटलं, माती झाडली. मग ओळीचा अर्धा भाग दाखवून म्हणाली, "हितून. आन् कांदा मोडू नगं."

खुरपं तिनं दिलं नाही. हातानंच काढत राहिले, पाच वाजेपर्यंत.