शेवटचा भाग आणि मैत्रिणीच्या सासूबाई

आमच्या लाडक्या मालिकेचा शेवटचा भाग दुकानात आला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि गोंदियातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. नववीच्या पोरांना बेट म्हणजे काय हे समजावून सांगणारी बाई स्वतः मात्र कित्येक वर्षं चालत्या बेटांच्या गोष्टीची वाट बघत होती. शिक्षकांच्या खोलीत हे सांगण्यासारखं नव्हतं.

गोष्ट अशी होती. एका समुद्रातली बेटं रोज जागा बदलतात. एक नावाडी मुलगी त्यांच्यामागे हिंडते, आणि एक दुष्ट जादूगारीण ती बेटं सुईदोऱ्यानं एकमेकांना शिवून टाकायला बघते. सौंदडला शाळेत असताना माझा आणि माझ्या मैत्रिणीचा यावर इतका विश्वास होता, की धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या पाण्यानं भरलेल्या बांध्या बघत आम्ही कुठलं बेट कालच्यापेक्षा सरकलं यावर भांडायचो. पुस्तक एकच असायचं. तिचे काका नागपूरहून आणायचे, म्हणून पहिला हक्क तिचा. ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायची. मग लेखक दहाव्या भागावर थांबला तो थांबलाच. आमची लग्नं झाली, मुलं झाली, मुलांनी ही पुस्तकं दोन पानं वाचून बाजूला ठेवली, आणि आता लेखकाला आमची आठवण झाली.

दुकानात पुस्तक मागताना मी आवाज शक्य तितका शिक्षिकेसारखा ठेवला होता.

"बच्चे के लिए है, मॅडम? गिफ्ट पॅक कर दूँ?" दुकानदारानं विचारलं.

मी हो म्हणाले. त्यानं फुगे छापलेल्या कागदात पुस्तक बांधून वर लाल फीतही लावली. तसंच ते पिशवीत घालून रविवारी सकाळी मी अर्जुनीकडे जाणाऱ्या गाडीत बसले. मैत्रिणीचं सासर तिकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात आहे. शेवटचा भाग एकटीनं वाचायचा नाही, असं आमचं फोनवर ठरलं होतं. रडायला येणार याची खात्री असल्यामुळे मी एक जास्तीचा रुमालही घेतला होता.

मैत्रिणीनं नवऱ्याला आणि मुलांना जेवायला वाढून वाटेला लावलं आणि आम्ही घरापुढच्या छपरीत बसलो. तिच्या सासूबाई तिथंच सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांची अडचण होईल असं आम्हाला वाटलं नाही. मैत्रिणीनं फुग्यांचा कागद फाडला आणि पूर्वीच्याच आवाजात सुरुवात केली. दोन प्रकरणं झाली तशी सुपाची सळसळ थांबली.

"हे बाई कोन होय वो?" सासूबाईंनी विचारलं.

"जादूगारीण, आत्याबाई. वाईट आहे ती."

"काऊन? काय केलं तिनं?"

"बेटं शिवून राहिली ना! म्हणजे ती हलणार नाहीत."

"मंग? गाव एका जागी राहाले नोको का?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दहा भाग वाचून आणि इतकी वर्षं वाट बघून हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

"तसं नाही, काकू," मी समजावू लागले. "बेटांना मोकळं फिरायला आवडतं."

"बेटाले इचारलं का कोनी?" त्या म्हणाल्या. "अन् ते पोरगी त नुसती नाव घेऊन हिंडून राहिली. काम त हे बाई एकटीच करते. वाच, वाच."

मैत्रीण वाचत राहिली. दुपार उतरायला लागली तसा शेवट आला. नावाडी मुलीनं एका घावात दोरा कापला, जादूगारीण पाण्यात विरघळून गेली आणि सगळी बेटं चार दिशांना निघाली. मुलगी मुळात राजकन्याच होती हेही घाईघाईनं उघड झालं. याच पानासाठी आम्ही बालपणभर आणि अर्धं तारुण्य वाट बघितली होती, आणि माझ्या मनात चाललं होतं की परतीची गाडी मिळेल ना. मैत्रिणीनं पुस्तक मिटलं. "झालं वाटते," ती म्हणाली आणि दूध तापवायचं राहिलं म्हणून उठली. दोघींचेही डोळे कोरडे होते.

तेवढ्यात मला सासूबाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

"दोरा कापाचा नव्हता," त्या म्हणाल्या. "माह्या माहेराले कोनी असं शिवून ठेवलं असतं त..."

सूप जवळ ओढून पुन्हा निवडायला लागल्या. स्वयंपाकघरात मैत्रिणीनं हळूच सांगितलं की त्या लहान असतानाच त्यांचं माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. तिचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिनं त्यांच्या तोंडून त्याबद्दल फार तर एकदा ऐकलं होतं. मी बाहेर आले आणि पिशवीतला कोरा रुमाल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "लिहनाराले समजत नाही, बाई."

परतीच्या गाडीत मी मालिकेचा निरोप घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. जमला नाही. मला ती नावाडी मुलगी एकदम फार आगाऊ वाटायला लागली होती.

पुढच्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. "आत्याबाई पहिला भाग मागून राहिल्या. सुरुवातीपासून ऐकायचं म्हणतात."

"पण शेवट तर त्यांना माहीत आहे."

"तेच मी म्हटलं. तर म्हणाल्या, तिचं लहानपन कसं गेलं थे त समजू दे."

जादूगारिणीचं लहानपण कुठल्याच भागात नाही, हे त्यांना सांगायची हिंमत आम्हा दोघींपैकी कुणाला झालेली नाही. माझ्या मुलांसाठी घेतलेले पहिले चार भाग मी पोचते केले आहेत. रोज दुपारी मैत्रीण मोठ्यानं वाचते, शेजारच्या दोघीतिघी ऐकायला येतात, आणि छपरीतलं सगळं मत नावाडी मुलीच्या विरुद्ध गेलं आहे.