हिराच्या उत्तराला आम्ही हसलो

मंडळी, आज दुपारी कोपरीला हिराच्या घरी जाऊन आले. ती गेल्याचं कालच कळलं. पन्नासच्या दशकात ठाण्यात आम्ही नववीला एका वर्गात होतो. तिचे वडील मिठागरावर काम करायचे.

नीतिपाठाच्या तासाला बाईंनी विचारलं, "प्रामाणिकपणा म्हणजे काय?"

हिरा पटकन उठली. "मीठ मोजताना मापात हात ठेवाचा नाय, बाई."

तिच्या बोलीला सगळा वर्ग हसला. पहिली मी हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी मला उठवलं. मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली, शाबासकी मिळाली. त्यानंतर हिराने वर्गात कधीच हात वर केला नाही.

आज तिची मुलगी म्हणाली, "तुम्ही कुमुदमावशी ना? आई सांगायची, तुमचं उत्तर बरोबर होतं. आमच्याकडून पाठ करून घेतलेलं तिने."

पुढे तीस वर्षं मी शाळेत तोच विषय शिकवला. खरं उत्तर हिराचं होतं, एवढंच तिच्या मुलीला सांगायचं होतं. पण पहिली मी हसले होते, हेही सांगावं लागलं असतं. पाणी पिऊन उठले.

तुम्ही असता तर सांगितलं असतं का?