डाव्या कोपऱ्याची अदलाबदल

कबड्डीतली माझी एकूण कारकीर्द एका चढाईची. मधली रेषा ओलांडली, दोन पावलं आत गेलो, घशात धूळ गेली आणि 'कबड्डी कबड्डी'च्या जागी खोकला सुरू झाला. समोरच्यांनी मला पकडलंसुद्धा नाही. त्यांच्यातल्याच एकाने पाणी आणून दिलं आणि हात धरून मला माझ्या बाजूला पोचवलं.

तरीही आमच्या गावच्या संघाचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं, याचा निकाल मीच देतो. मेडशीच्या बसथांब्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीज गेली की मशीन बंद पडतं आणि माझं तोंड चालू होतं. बाकावर चार माणसं येऊन बसतात, कोणाला का खेळवलं, कोणाला का बसवलं, ते विचारतात आणि मी सांगतो. बायको म्हणते, "इथी सोताचं धोतर सावरत नाही, अन दुसऱ्याचा कोपरा सावरून राह्यले." धोतर मी नेसत नाही, पण मुद्दा बिनतोड आहे.

यंदाच्या एका निर्णयाबद्दल मात्र अजूनही कोणी विचारलं की मी कागद सारखे करायला लागतो.

सोयाबीन घरात आलं आणि दिवाळी उरकली की आमच्या गावात पासष्ट किलो वजनगटाचे सामने भरतात. तीन दिवस चालतात. गावोगावचे संघ येतात आणि त्यांच्यात खेळाडूंची अदलाबदल होते. शेतात जशी सावड करतात, आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे, तशीच ही. एका गावाजवळ पकड करणारे जास्त, दुसऱ्याजवळ चढाई करणारे जास्त, मग एक घ्यायचा, एक द्यायचा. मात्र हे सगळं काटा बंद व्हायच्या आत. पहिल्या दिवशी सकाळी आडत्याच्या शेडमध्ये, ज्या काट्यावर आठ दिवसांपूर्वी सोयाबीनची पोती चढलेली असतात, त्याच काट्यावर खेळाडू चढतात. एकेक जण चढला की काटेवाला मोठ्याने विचारतो, "कोणाचा?" खेळाडूने बोलायचं नाही. त्याच्या गावाच्या कर्णधाराने गर्दीतून म्हणायचं, "आमचा." एकदा 'आमचा' म्हटलं की सामने संपेपर्यंत तो त्या गावाचा. मग बाप जरी समोरच्या संघाचा असला तरी बदल नाही.

आमच्या संघाचा कर्णधार माझा धाकटा भाऊ. आणि डावा कोपरा आमचा चुलतभाऊ, माझ्याहून लहान, भावाहून मोठा. मिसरूड फुटल्यापासून त्या कोपऱ्यात दुसरं कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. चढाई करणाऱ्याच्या छातीकडे तो बघायचाच नाही. मान खाली, नजर घोट्यावर, शेतात पेरणीमागे वाकून चालावं तसा. एकदा घोटा हातात आला की समोरच्याने घरी निरोप पाठवावा. पण आता चाळिशी आली होती, गुडघे कुरकुरत होते. दसऱ्यालाच त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "यंदा शेवटचं. ढाल आली तं आली, नाही तं गुडघ्याईचा सत्कार करून घरी बसतो."

ढाल आमच्या गावाला कधीच मिळाली नव्हती. आपल्याच मैदानावर दरवर्षी आपणच मंडप घालायचा, आपणच पाहुण्यांना जेवू घालायचं आणि ढाल त्यांच्या जीपमध्ये चढवून द्यायची, असा आमचा रिवाज. शेवटच्या वर्षी ती आपल्या गावच्या बनियनमध्ये उचलायची, एवढीच त्याची इच्छा होती. वजन किलोभर जास्त भरत होतं म्हणून दोन दिवस त्याने नुसत्या ताकावर काढले. त्याची बायको ताटं वाढायची आणि तसंच उचलून ठेवायची.

काट्याच्या सकाळी मी शेडमध्ये पोचलो तेव्हा भाऊ मागच्या भिंतीशी एका माणसाशी बोलत होता. तो मानोऱ्याकडच्या एका तांड्याच्या संघाचा कर्णधार. त्यांच्याकडे एक चढाईवाला पोऱ्या होता. पाय असे की रेषेवर सावली पडायच्या आत तो परतलेला असायचा. त्यांना हवा होता जुना, पक्का कोपरा. भाऊ माझ्याकडे आला.

"दादा, दरसाली आपन शेवटी कायनं हरतो?"

"चढाईनं."

"मंग तो पोऱ्या भेटून राह्यला. त्याईले भाऊ पाह्यजे, आपला डावा कोपरा. तू काय म्हनतं?"

मी नेहमीप्रमाणे घसा साफ केला. म्हणालो, याला दोन बाजू आहेत. पहिली बाजू मी बऱ्यापैकी मांडली. दुसरीवर येईपर्यंत रांग पुढे सरकली होती आणि भाऊही.

चुलतभावाला त्याने रांगेतच सांगितलं. मला लांबून ओठ हललेले तेवढे दिसले. चुलतभाऊ म्हणाला, "बरं." मग तो काट्यावर चढला.

"कोणाचा?" काटेवाला ओरडला.

इतकी वर्षं या प्रश्नावर आमचं अख्खं गाव एका दमात ओरडायचं. त्या सकाळी आमच्याकडून कोणी काही बोललं नाही. भाऊ वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता.

"आमचा," तांड्याचा कर्णधार म्हणाला.

काटेवाल्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं, "अबे, कोणाचा?"

"आमचा म्हनलं नं."

चुलतभाऊ काट्याच्या आकड्याकडे बघत उभा होता. वजन बरोबर बसलं होतं. तो उतरला, तांड्याच्या पोरांनी पिवळं बनियन त्याच्या हातात दिलं. ते खांद्यावर टाकून तो नळावर गेला आणि तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

आमच्याकडे धाकट्याची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. चुलतभावाच्या बायकोला मला काही सुनावायचं असलं की ती माझ्या बायकोला सांगते, मी ऐकत असताना. त्या दुपारी ओसरीवर मी वर्तमानपत्र उघडलं होतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "बैल इकाचा असला तं आदल्या दिशी चारा तरी घालते मानूस. दोन दिवस उपाशी ठेवून काट्यावर चढवलं, अन दिलं."

"बाई, ह्याईनं नाही दिलं वो," माझी बायको म्हणाली.

"नसन दिलं. निकाल तं द्या म्हना. गावाचे निकाल देते ना."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते मी अजून वाचलेलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मात्र निकाल सोपा होत गेला. तांड्याचा तो पोऱ्या आमच्या निळ्या बनियनमध्ये असा सुटला की आम्ही उभे राहून बघत होतो. आणि पलीकडे पिवळ्या बनियनमध्ये डावा कोपरा घोटे उचलत होता. आमचाही संघ पुढे, तांड्याचाही पुढे. दुसऱ्या संध्याकाळी अंतिम सामना ठरला तो आमच्या दोघांतच. दुकानाच्या बाकावर मी जाहीर करून टाकलं की असा सौदा क्वचित होतो, देणाराही फायद्यात आणि घेणाराही. माणसं माना हलवत होती. चहा माझ्याकडून होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर ट्रक येऊन उभा राहिला. ऊसतोडीच्या टोळीला न्यायला मुकादमाची गाडी. ट्रकात आधीच पत्र्याच्या पेट्या, भांडी, बांधलेली गोधडी, दोन शेळ्या, आणि पेट्यांवर बसलेली पोरं. त्या चढाईवाल्याची बायको मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. त्याला हाक मारायची गरज पडली नाही.

भाऊ धावत गेला. "अबे, गाडी तं पंधरा दिसानं येनार होती ना?"

"असं कोन म्हनलं, भाऊ?" पोऱ्या म्हणाला. "गाडी कधी बी येते. तुमी इचारलंच नाही."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. सौदा करताना त्याचे पाय पाहिले, ह्याचे गुडघे पाहिले, वय पाहिलं, वजन पाहिलं. दिवाळीनंतर मानोऱ्याकडचे तांडे निम्मे रिकामे होतात हे आमच्याकडच्या शेळ्यांनाही माहीत असतं. पण त्या सकाळी ते आठवावं असं आमच्यातल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. मीही त्या शहाण्यांतच. पोऱ्याने बनियन काढलं, घडी घातली आणि भावाच्या हातात दिलं. तांड्याच्या संघातलेही दोघं-तिघं त्याच ट्रकात चढले. ट्रक गेल्यावर त्यांच्याकडे मोजून सहा खेळाडू उरले, चुलतभावाला धरून.

आमच्याकडे बदली खेळाडू होते. त्यामुळे आम्ही सात, ते सहा.

भाऊ पंचांकडे गेला, मग तांड्याच्या कर्णधाराकडे. मी मागे होतोच. भावाचा चेहरा उतरला होता.

"तुमचा पोऱ्या गेला," तो म्हणाला. "सौदाच राह्यला नाही. आमचा मानूस आमाले परत द्या."

तांड्याच्या कर्णधाराने आपल्या उरलेल्या पोरांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "न्या. तुमचाच हाय. आमी पाच जन उतरतो."

वयस्क पंच म्हणाला, "दोघंबी राजी असान, तं आमी काई पाह्यलं नाही."

म्हणजे सगळं जमलं होतं. भाऊ निळं बनियन घेऊन नळापाशी गेला. चुलतभाऊ खाली बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता.

"भाऊ, हे घाल."

"काहून?"

"सगळे राजी हायत. तुले आपल्याच गावाकून शेवटचं खेळाचं होतं ना?"

"होतं."

"मंग घाल ना."

त्याने पट्टीचा एक वेढा अजून घेतला. "त्याईचा कोपरा कोन धरीन?"

"तुले काय करनं त्याचं?"

"सहाचे पाच करून येऊ का मी?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पेरणी कधी करायची हे बोलावं तसं तो बोलत होता. "काटेवाल्यानं इचारलं तवा तू चप्पल पाहून राह्यला होता. त्याईनं दोनदा म्हनलं, आमचा. एकदा नाही, दोनदा."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मोठा, मी काहीतरी म्हणावं. मी म्हणालो, "अरे, पन गुडघे..."

"गुडघे दोन्हीकून सारखेच दुखते, दादा," तो म्हणाला आणि उठला. पिवळं बनियन अंगातच होतं.

सामना मी पाहिला, पण सांगता येईल असा पाहिला नाही. आमच्या गावचा एवढा मंडप, एवढी माणसं, आणि आपल्या संघाला गुण मिळाला की टाळ्या अर्ध्यावर थांबायच्या. सहा जण मैदान झाकायला बघत होते आणि झाकत नव्हतं. डाव्या कोपऱ्यातून तेवढं कोणाला जाता आलं नाही. उत्तरार्धात भाऊ स्वतः चढाईला गेला. मुद्दाम त्या कोपऱ्याकडे गेला की पाय चुकला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. चुलतभावाने घोटा धरला. भाऊ पडला, सगळे वर पडले. उठल्यावर चुलतभावाने तळहाताने भावाच्या पाठीवरची माती झटकली, लहानपणापासून झटकायचा तशी, आणि मागे आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

थोड्याच गुणांनी आम्ही जिंकलो. गावाला पहिल्यांदा ढाल मिळाली.

मंडपाखाली माणसं माझ्याभोवती जमली. "आता सांगा, सौदा बरोबर का चूक?" मला टाळता आलं नाही. मी म्हणालो की खेळाच्या हिशेबाने बरोबर. तो पोऱ्या नसता तर आपण अंतिम सामन्यात नसतो. काट्याच्या सकाळी जे माहीत होतं त्यावर कोणत्याही कर्णधाराने हेच केलं असतं, आणि माझा भाऊ वाईट कर्णधार नाही. एवढं बोलल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. मी म्हणालो, थांबा. त्या माणसाला आपण रांगेत उभं करून सांगितलं. तो 'बरं' म्हणाला, ते आपण हो धरलं. ही चूक कबड्डीची नाही, म्हणून ढाल मिळाल्यानेही ती मिटत नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत छोटा निकाल. चहा कोणी मागितला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तांड्याची जीप सुरू झाली. उरलेले पाच जण बसले आणि त्यांच्यात मागच्या बाकावर चुलतभाऊ. भाऊ ढाल काखेत घेऊन तिथे गेला. बहुधा ती त्याच्या हातात द्यायची होती.

"भाऊ, घर तं अथीच हाय. कुठी चालला?"

"त्याईनं तांड्यावर सैपाक केला हाय. जेवतो अन येतो."

"आमी थांबतो मंग."

"नोका थांबू. तुमी जेवून घ्या."

तांड्याच्या कर्णधाराने सरकून त्याला गुडघा लांब करायला जागा दिली. जीप निघाली. भाऊ ढाल काखेत धरून धूळ बसेपर्यंत उभा होता, मीही. मग आम्ही घरी गेलो आणि त्याने सांगितलं होतं तसं जेवून घेतलं.