गळ्यातली पाटी

गुरुजींनी पाटीला सुतळी बांधली आणि माझ्या गळ्यात घातली. शुद्धलेखनाच्या दहा शब्दांपैकी नऊ चुकले होते. पाटीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मी मेंढरू आहे.’ मला फाटकाशी उभं केलं. येणारे-जाणारे वाचत होते. बागायतदारांची पोरं बें बें करत होती.

मी तिसरीत होते. आमचं मेंढपाळांचं बिऱ्हाड मंचरच्या अलीकडे, कांदा निघालेल्या एका रानात उतरलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटी.

दुपारी आई मेंढरं घेऊन त्याच रस्त्यानं आली. थांबली.

“काय लिवलंय गं?”

“पयला नंबर आलाय,” मी म्हणाले.

मेंढरं रस्त्यात सोडून ती आत गेली. गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. “गुर्जी, लई उपकार झालं.”

“हुशार आहे हो तुझी पोरगी,” गुरुजी म्हणाले. व्हरांड्यातले सगळे हसले. आईला ते कौतुक वाटलं. तीही हसली.

सुतळी मानेला काचली होती, ते मी विसरले. आईचं हसणं विसरले नाही.

त्या संध्याकाळी नेहमीसारखं कोकरं सोडायचं काम होतं. मेंढरं चरायला जात तेव्हा कोकरं जाळीच्या कुंपणात ठेवलेली असत. कळप परतला की एकेक कोकरू उचलून त्याच्या आईला लावायचं. चुकीच्या मेंढीकडे नेलं, तर ती हुंगून ढुशी देते. मी बऱ्याचदा चुकायचे. आईनं कधी हात उगारला नाही. म्हणायची, “चुकलं तं चुकलं. परत बघ नीट. कोकरू उपाशी न्हाई ऱ्हायलं पायजे.” तिला दोनशे मेंढ्या तोंडावरून ओळखू यायच्या. मी शब्द तसेच ओळखायला शिकले. तोंडं बघत. कोकरं लावून झाली की राखेत बोटानं लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे.

पुढे मी शिक्षिका झाले. आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. शुद्धलेखनासाठी कोकरं लावायचाच खेळ घेते. पटांगणाच्या भिंतीवर शब्दांच्या पट्ट्या, त्या आया. मूल एक शब्द डोळे भरून बघतं, पळत परत येतं, आठवून कागदावर लिहितं. ते त्याचं कोकरू. मग ते भिंतीशी नेऊन जुळवायचं. नाही जुळलं, तर पुन्हा बघायचं, पुन्हा लिहायचं. कुणी हसायचं नाही, एवढा एकच नियम. पोरं धुळीनं माखतात आणि शब्द विसरत नाहीत.

शाळा समितीच्या अध्यक्षांनी हा खेळ पाहिला. गावातली निम्मी बागायत त्यांची. पोरांसमोरच म्हणाले, “बाई, ही शाळा हाय का मेंढवाडा? जातीवर गेलात राव!” मुख्याध्यापक हसले. मी मान खाली घातली. इतकी वर्षं शिकून, शिकवून, मान खालीच.

दोन महिन्यांपूर्वी आई गेली. शेवटच्या आठवड्यातही भेटायला आलेल्यांना सांगत होती, “हिचा तिसरीत पयला नंबर व्हता. गळ्यात पाटी घातली व्हती गुर्जींनी.” मी उशाशी बसले होते. खरं सांगितलं नाही.

सुतकानंतर शाळेत आले, तर खेळ बंद झालेला. पट्ट्या फाडलेल्या. आणि फाटकाशी माझ्या वर्गातली मुलगी उभी. मेंढपाळाचीच. गळ्यात पाटी. मुख्याध्यापकांच्या अक्षरात, ‘मी ढ आहे. मला हसा.’ व्हरांड्यात अध्यक्ष आणि मुख्याध्यापक चहा घेत होते.

तिची आई डबा घेऊन आली होती. मला म्हणाली, “बाई, काय लिवलंय वो? चांगलं हाय ना?”

माझ्या तोंडात ते जुनं वाक्य तयार होतं. अगदी ओठांवर.

मी पाटी वाचून दाखवली. मोठ्यानं. दोनदा.

त्या आईचं तोंड पडलं. ते मला बघवलं नाही, तरी बघितलं. मी मुलीच्या गळ्यातून पाटी काढली. मुख्याध्यापक धावत आले. “बाई, शिस्तीचा प्रश्न आहे. पाटी द्या इकडे.”

“देणार नाही.”

मुलीची आई व्हरांड्याकडे वळली. “ज्यानं लिवलंय त्यानं हितं यावं. माज्या म्होरं वाचावं.”

अध्यक्ष जागचे उठले नाहीत. मुख्याध्यापक पाटी न घेताच माघारी वळले.

आता माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. बदली होईल, कदाचित दूर डोंगरातल्या घाटघरला. होऊ दे. भिंती तिथंही असतील. खुलाशात मी पाटीवरची दोन्ही वाक्यं लिहिणार आहे, माझ्या गळ्यातलं आणि तिच्या गळ्यातलं. कुणी लिहिली तेही.

माझ्या आईला खरं सांगायचं राहून गेलं. ते आता कधीच होणार नाही. पण दुसऱ्या कुणाच्या आईशी मी खोटं बोलणार नाही.

पाटी माझ्या घरी आहे. पुसलेली नाही. पुसणारही नाही.