शेखरची दुनळी आणि माझी सही

शेखरला बंदूक मिळाली ती माझ्या शब्दावर. इंग्लंडचे पोलीस बंदुकीचा परवाना देण्याआधी विचारतात, की बाबा रे, तू बरा माणूस आहेस असं सांगणारं घराबाहेरचं कोणी आहे का? शेखरने माझं नाव दिलं. मी शाळेत गणित शिकवते, मेडनहेडमध्ये त्याच्यापासून तीन दारं सोडून राहते आणि त्याला सतरा वर्षं ओळखते. सरकारला एवढं पुरतं. त्यामुळे ती बंदूक त्या घरात असावी की नसावी हे बरंचसं माझ्या सहीवर ठरलं, आणि मी ती सही कुरिअरवाल्याच्या मशीनवर करतात तशी केली.

आता हा चंद्रशेखर म्हणजे कोणी शूर सरदार नव्हे. नागपूरहून बँकांचं सॉफ्टवेअर लिहायला आला आणि इथलाच झाला. वय बावन्न, पोट बेताचं, स्वभाव गरीब. दिवाळीत फुलबाजी पेटवताना हात इतका लांब धरतो की फुलबाजी शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. बाथटबमध्ये कोळी दिसला की बायकोला, आसावरीला, हाक मारतो. कोळी, बॉयलर, कौन्सिल आणि सासर ही चारही खाती तिच्याकडे आहेत. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी शेखरला स्वतःचे मोजे कुठे असतात हे माहीत नाही.

मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. इथे नोकरी काढून घेताना इतकं गोड बोलतात की घरी पोचेपर्यंत माणसाला बढती मिळाल्यासारखंच वाटत असतं. अठरा वर्षांची नोकरी, पाऊण तासाची मीटिंग आणि लॅपटॉप परत पाठवायला एक खोका. हे त्याने फक्त आसावरीला सांगितलं आणि आसावरीने मला. साउथहॅम्प्टनला शिकणाऱ्या मुलीला, अन्वीला, सांगितलं नाही, कारण तिची परीक्षा होती. नागपूरला आईला सांगितलं नाही, कारण तिला बीपी होतं. इथल्या मराठी मंडळात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तिथे त्याने जाहीर केलं, की मी आता कन्सल्टिंग करतो. आमच्याकडे कन्सल्टिंग हा शब्द आला की शहाण्या माणसाने पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

आमच्या बॅडमिंटन ग्रुपला साथी लवकर लागतात. आधी पिझ्झा ओव्हनची आली, मग इलेक्ट्रिक गाडीची, मग कुरळ्या केसांच्या कुत्र्यांची. गेल्या दोन वर्षांत बंदुकीची आली. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी गलोल उचलली नव्हती त्यांनी एकामागून एक परवाने काढले. शेखर पाचवा. हेन्लीच्या बाहेर एक मैदान आहे. तिथे यंत्र मातीच्या तबकड्या हवेत फेकतं आणि ही मंडळी त्या फोडतात, निदान तसा आवाज तरी करतात. शेखरने पहिल्या दिवशी पंचविसातल्या चार फोडल्या आणि पानिपत जिंकल्यासारखा घरी आला. महिन्याभरात त्याच्या अंगावर मेणकापडाचं जाकीट आलं, डोक्यावर चपटी टोपी आली आणि गुडघ्यापर्यंत हिरवे बूट आले. त्या वेशात तो मोठ्या सुपरमार्केटात कोथिंबीर आणायला जायचा.

एका रविवारी तो माझ्याकडे आला. "मंजिरी, एक काम होतं. गन लायसन्सला रेफरी म्हणून तुझं नाव देऊ ना? जस्ट फॉर्मॅलिटी आहे."

"कशाला हवी तुला बंदूक? कोळ्यासाठी?"

"इट्स अ स्पोर्ट, यार. फोकस लागतो. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही."

दुसरं काय येतं, हे मी विचारायला हवं होतं. पण 'फॉर्मॅलिटी आहे' म्हटलं की आमच्या पिढीला पुढचा कागद दिसेनासा होतो. चांगल्या वर्तणुकीचे दाखले आम्ही अशा साहेबांकडून आणले, ज्यांनी आमचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. मी तर त्याला रोज पाहत होते. मी सही केली.

मग पोलिसांच्या परवाना खात्यातल्या बाईंचा फोन आला. शाळेत जेवणाची सुट्टी चालली होती आणि माझ्या एका हातात सँडविच होतं. त्यांनी नीट, सावकाश विचारलं. अलीकडे त्यांच्या आयुष्यात काही घडलंय का? नोकरी, लग्न, कोणाचा मृत्यू? ते खचलेले वाटतात का? संध्याकाळी शेखर गाडी दारात लावून अर्धा अर्धा तास आत नुसता बसून राहतो, हे मी माझ्या वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. पण नोकरीची गोष्ट गुपित होती, आणि आपल्या माणसाची लाज परक्यापुढे झाकायची हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. मी म्हणाले, "छे, मला माहीत असलेला तो सगळ्यात कंटाळवाणा माणूस आहे." बाई हसल्या. आपला विनोद इंग्रजांना कळला म्हणून मी दिवसभर खूश होते. पोलीस डॉक्टरांकडूनही कागद मागवतात. त्यावरही काही निघालं नाही, कारण शेखर डॉक्टरकडे गेलाच नव्हता.

यथावकाश एक अधिकारी घर बघायला आला. जिन्याखालच्या कपाटात गणपतीचं मखर आणि सुटकेसेस होत्या. त्या हलवून तिथे भिंतीला लोखंडी पेटी ठोकली होती. नियम असा, की तिची किल्ली कुठे असते हे परवानेवाल्याशिवाय कोणालाही कळता कामा नये, बायकोलासुद्धा नाही. हा नियम करणाऱ्याने मराठी घर पाहिलेलं नसावं. शेखरने किल्ली तीनदा लपवली आणि आसावरीला ती झाडपूस करताना तीनदा सापडली. बिचारीने तिन्ही वेळा ती पुसून पुन्हा तिथेच ठेवली आणि आपल्याला काही माहीत नाही असा चेहरा केला. अन्वीने फोनवर विचारलं, "बाबा, तू खरंच गन घेतला? व्हॉट इज राँग विथ यू?" घरात नेमका प्रश्न तिने एकटीने विचारला होता, पण तिचं मराठी सुधारण्यात तो वाहून गेला.

मग दसरा आला. दसरा होता गुरुवारी, पण इथले देव वीकेंडलाच येतात, म्हणून शनिवारी. दरवर्षी शेखरकडे शस्त्रपूजा असते. इतकी वर्षं पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि आसावरीची सुरी असे. या वर्षी पहिल्यांदाच त्या पाटावर खरं शस्त्र येणार होतं. लाल कापडावर दुनळी ठेवली, नळीवर हळदकुंकू, दस्त्यावर झेंडूचा हार. जमलेल्या तीस माणसांनी असा नमस्कार केला की जणू उद्या सीमोल्लंघनाला शेजारचं स्लाउ शहर घ्यायचं आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही असा कायदा असल्यामुळे शेखरने सगळ्यांना तिच्या शेजारी बसवून फोटो काढू दिले. मंडळातला उदय सोनेरी कागदाचं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आणि ऐक ना, मीपण फॉर्म डाउनलोड केलाय. माझी रेफरी होशील ना? तुझा सक्सेस रेट चांगला आहे."

मी हसून स्वयंपाकघरात गेले. आसावरी पुऱ्या तळत होती आणि बऱ्याच महिन्यांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"अगं मंजिरी, शेखर इतका बदललाय ना! सगळं ऑर्गनाइज केलंय त्याने. एक निळी फाईल केलीये. पेन्शन, इन्शुरन्स, सगळे पासवर्ड्स, बॉयलरवाल्याचा नंबर, कुठल्या वीकला कचऱ्याचं कुठलं बिन, सगळं. मला बसवून एकेक पान दाखवलं. म्हणाला, तुला माहीत असायला हवं. आणि किती शांत झालाय! मागच्या वीकपर्यंत नुसता तळमळायचा, आता एकदम कूल. त्या बंदुकीने शिस्त लावली बघ त्याला."

मी हातातलं श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं. शाळेत आम्हाला दरवर्षी एक प्रशिक्षण देतात. खचलेला माणूस अचानक शांत झाला, आवराआवर करायला लागला, तर थांबू नका, सरळ विचारा. ते दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी मागच्या बाकावर बसून किराणा मालाची यादी करते. मी बाहेर गेले आणि शेखरला दंडाला धरून मागच्या बागेत नेलं.

"फाईल कशाला केलीस?"

"अगं, असावी घरात. बायकांना काही माहीत नसतं."

"शेखर, जीव द्यायचा विचार करतोयस का?"

इंग्रजीत विचारणं सोपं गेलं असतं. मराठीत हा प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता.

"रोज नाही," तो म्हणाला.

घरातून कोणाच्या तरी गाण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "मी आत्ता पोलिसांना फोन करणार आहे. तुझ्यासमोर. बंदूक घेऊन जातील ते."

"लायसन्स जाईल माझं."

"जाऊ दे."

"आत तीस माणसं आहेत, मंजिरी. त्यांना काय सांगायचं?"

मला त्याचा भयंकर राग आला. मरायची तयारी होती या माणसाची, पण नोकरी गेली असं चार लोकांत म्हणायची नव्हती. मग त्याहून जास्त राग माझा मला आला, कारण त्याची हीच लाज मी सँडविच खाता खाता फोनवर जपली होती. मी रडले. सतरा वर्षांत तो माझ्यासमोर कधी रडला नव्हता, तोही रडला, आणि मग आम्ही दोघांनी मिळून फोन केला.

आसावरीला त्यानेच सांगितलं, स्वयंपाकघराचं दार लावून. आतून काही ऐकू आलं नाही, फक्त पुरी जळल्याचा वास आला. बाहेर आली तेव्हा तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, गर्दीत लहान मुलाचं धरतात तसं. दुनळी हारासकट पेटीत गेली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. कायद्याने तोही गुन्हाच, पण त्या दिवशी मला कायदा शिकवायची कोणाची छाती नव्हती.

पाऊण तासात दोन पोलीस आले. दारातला चपलांचा ढीग ओलांडून ते आत आले, तेव्हा गाणं मध्येच थांबलं. त्यांनी शेखरशी वरच्या खोलीत बराच वेळ शांतपणे बोलून घेतलं. आज रात्री डॉक्टरांच्या टीमचा फोन येईल, एकटं राहू नका, असं बजावलं. पेटी उघडली तेव्हा त्यांच्यातल्या बाईने नळीवरच्या कुंकवाकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. मी "ब्लेसिंग" म्हणाले. तिने कागदावर काय लिहिलं ते तिलाच ठाऊक. बंदूक एका लांब पिशवीतून गेली आणि हार आमच्या हातात राहिला.

हॉलमध्ये तीस माणसं आणि तीस श्रीखंडाच्या वाट्या. कोणी खात नव्हतं. शेवटी उदयच मदतीला धावला. "काय रे शेखर, पेपरवर्कचा इश्यू झाला का? होतं असं. रिन्यूअल वगैरे राहिलं असेल."

आमच्यात दुसऱ्याला खोटं बोलायला जागा करून देणं हा शिष्टाचार आहे. शेखरने नुसती मान हलवली असती तरी सगळे सुटले असते. श्रीखंड संपलं असतं, सोमवारी सगळे आपापल्या कामाला लागले असते.

"पेपरवर्क नाही," शेखर म्हणाला. "माझी नोकरी गेली. मार्चमध्ये. कन्सल्टिंग वगैरे काही नाही, मी घरी बसून असतो. आणि माझं मन ठिकाणावर नाहीये. म्हणून बंदूक मीच देऊन टाकली."

सगळ्यांनी आपापल्या वाटीत डोकं घातलं. आसावरीने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. कोणीतरी "ओह" म्हणालं. कोणीतरी "सगळं ठीक होईल" म्हणालं.

उदयने वाटी टेबलावर ठेवली.

"माझी जूनमध्ये गेली," तो म्हणाला.

सोफ्यावर बसलेल्या रेखाने, त्याच्या बायकोने, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती अजून रोज सकाळी त्याला सात-चाळीसच्या ट्रेनसाठी डबा भरून देत होती.