गाझियाबादेत कुणाला कळतंय!

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीच्या जिममध्ये ती रोज भेटते, पण नाव मी कधी विचारलं नाही. दोघी मराठी, एवढी ओळख पुरली. ट्रेनरशी ती हिंदीत अगदी सोज्वळ असते, माझ्याशी मराठीत सुटते. "इथे कुणाला कळतंय, यार!" हे तिचं पालुपद.

छाती वाढवायचं ऑपरेशन करून ती परतली, तेव्हा ट्रेनर बेंच प्रेससाठी मागे लागला. त्याला गोड आवाजात "अभी नहीं, भैया" म्हणून ती माझ्याकडे वळून ओरडली, "सर्जन म्हणालाय, सध्या फक्त पायांचा व्यायाम. एवढ्या हौसेने बसवून घेतलंय, ते काय त्या दांड्याखाली चेपायला?"

आणि सवयीने तिने जड डंबेललाच हात घातला. सायकलवरचे काका, ज्यांना आम्ही पंजाबी समजत होतो, टुणकन उतरले. "राहू द्या बाई, मी उचलतो. जपायला सांगितलंय ना!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ती मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, इतके दिवस गुपचूप ऐकत होतात?"

काका कानापर्यंत लाल झाले. "विषयाचं सोडा हो. पण इथे मराठी कानावर पडते कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून ती आणखी मोठ्याने बोलते.