लाकडावरची चूल

गलबतावर उमर काढलेली दोन माणसं भेटली की वादळांच्या गोष्टी निघत असतील, असं लोकांना वाटतं. आमच्या निघतात त्या चुलीच्या!

पन्नास सालानंतरची ती वर्षं. रत्नागिरीहून मुंबईला माल नेणारं आमचं गलबत सगळं सागवानी, आणि त्याच फळ्यांवर लाकडी खोक्यात चूल. खाली काय घातलं म्हणजे फळी जळणार नाही, ही सगळ्यांची काळजी. एकदा गलबताचे प्रमुख, तांडेल इब्राहिमचाचांनी खोकं उचललं, तर खाली भाकरीएवढा काळा डाग. ते रांधणाऱ्या उस्मानला शांतपणे म्हणाले, "परत डाग दिसला, तर मुंबईपर्यंत भिजवलेले पोहे." पोटावर आल्यावर आम्हाला अक्कल फुटली.

*

पहिली अक्कल माझी. पुळणीवरची वाळू फुकटची, ती खोक्यात ओतली. तिच्यात निम्मा शिंपल्यांचा चुरा. काही शिंपले तडतडून भातात उडाले, उरलेले भाजून पांढरे झाले. डाग पडलाच आणि ती खेप पोह्यांवर गेली. पान खाणारा आमचा एक खलाशी तेवढा खूश होता. त्याला चुना घरचा झाला!

*

मग उस्मानने चिरा आणला. चिऱ्यावर घरं उभी राहतात, तर चूल का नाही, असं त्याचं म्हणणं. चिरा महिनाभर खाडीत पाणी पीत पडला होता, हे मात्र त्याने सांगितलं नाही. दुपारी असा आवाज झाला की चाचा सुकाणू सोडून डोलकाठीकडे धावले. डोलकाठी शाबूत होती. चिऱ्याचे तीन तुकडे झाले होते, आणि आमटी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

*

परतीच्या एका खेपेला पावस गावच्या एका गृहस्थांची कौलं भरली होती. त्यांतली चार आम्ही उसनी घेतली. फळी वाचली, पण कौलं काळी पडली. माल उतरवताना गृहस्थांनी विचारलंच. कधी खोटं न बोलणारे चाचा म्हणाले, "ही जरा जास्त भाजलेली हायत." गृहस्थ म्हणाले, मग सगळीच तशी का नाही आणलीत?

*

शेवटी उस्मानच्या मेहुण्याने, तो मोठ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा घालणारा आगवाला होता, मुंबईत अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा मिळवून दिला. पत्र्यावर विटा, विटांवर माती. तीन दिवस चूल पेटली, तरी फळी कोरी! उस्मानचा जीव भांड्यात पडला. आता भीती कसली, म्हणून त्याने चुलीत माडाची सुकी चुडतं कोंबली. जाळ पुरुषभर उठला आणि वरचं शीड पेटलं.

बादल्या ओतून आम्ही विझवलं, तोवर शिडाला खिडकीएवढं भोक पडलं होतं. चाचा बराच वेळ त्यातून आभाळ बघत राहिले. मग उस्मानकडे वळले.

तो खोक्याची एक बाजू उचलून उभा होता.

"चाचा, फळी बगा," तो म्हणाला. "एक डाग नाय."